मीटरच्या आतला आकडा

चिमाजीच्या घरात मला अकरा वर्षं कोणी पाणी विचारलं नव्हतं. सातपूर गावठाणात त्याचं दोन खोल्यांचं घर, एमआयडीसीच्या रस्त्याला माझं गॅरेज, आणि मधे चालत पाच मिनिटांचं अंतर. रोज सकाळी मी त्याच्या दारावरून जायचो. कलाबाई, म्हणजे त्याची बायको, दारात तांदूळ निवडत बसलेली असली तर मला बघून सूप उचलायची आणि आत जायची. हिरामण मेकॅनिकचं तोंड फाटकं आहे असं सगळं सातपूर म्हणतं, आणि ते खोटं नाही. पण त्या दारासमोर माझ्या तोंडून कधी शब्द फुटला नाही. बाईचा राग बरोबर आहे, असं मी धरून चाललो होतो.

चिमाजी मीटरवाला. गाडीच्या डॅशबोर्डवर काटा हलतो आणि खाली किलोमीटरचे आकडे सरकतात, त्या मीटरचा तो डॉक्टर. सातपूरच्याच एका कारखान्यात बावीस वर्षं मीटर जोडायचं काम केलं. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा बाकीचे लोक युनियनच्या मागे धावत राहिले, आणि याने माझ्या गॅरेजशेजारी पत्र्याची टपरी टाकली. टपरीत एक टेबल, डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग, दोन चिमटे आणि कावळ्याचं पीस. त्या पिसाच्या टोकाने तो मीटरच्या पोटात तेलाचा एवढासा थेंब सोडायचा. मी हसायचो, म्हणायचो, "पितरं जेवायला बसलीत का रे?" तो वर बघायचासुद्धा नाही.

दुरुस्त झालेलं मीटर चालतंय का, हे बघायला त्याच्याकडे यंत्र नव्हतं. मग तो ते घरी न्यायचा. कलाबाईच्या शिलाई मशीनच्या चाकाला त्याने एक जोड बसवून घेतला होता. त्यात मीटरची केबल अडकवायची, कलाबाईने पाय मारायचे, आणि याने काट्यावर नजर ठेवायची. "हळू. चाळीस. आता जोरात मार, साठ होऊ दे." शेजारच्या बाया म्हणायच्या, कला बसल्या जागी मुंबईला जाऊन येते. तेव्हा ती हसायची. मी ते हसणं ऐकलेलं आहे, त्या घरी चहा पिता पिता ऐकलेलं आहे.

त्याचा एक नियम होता. चालत्या मीटरला हात लावायचा नाही. बंद पडलेलंच उघडायचं. आणि जुन्या गाड्यांचे किलोमीटर मागे घेऊन देणारे मीटरवाले असतात, तसला मी नाही, असं तो सांगायचा. मीही छातीठोकपणे लोकांना तेच सांगायचो. एजंट लोक पिशवीत भरून सुटी मीटरं त्याच्याकडे आणायचे. गाडी कुठली, कोणाची, ते याला दिसायचंही नाही. मला वाटायचं, दुरुस्तीला येतात.

त्याला एकच मुलगा, भारत. पोरगा गोड होता, पण एका कारखान्यात टिकेल तर शपथ. शेवटी पेठ रस्त्यावर प्रवासी वाहतूक करायची म्हणून त्याने एका एजंटकडे जुनी जीप बघितली आणि ती माझ्याकडे घेऊन आला. मीटरवर ब्याऐंशी हजार किलोमीटर. मी इंजिन ऐकलं, गिअर टाकून बघितले, खाली शिरून चेसिसवर हातोडी मारून बघितली. पुढच्या चाकांचे दांडे, ज्यावर चाक फिरतं ते, मात्र उघडले नाहीत. ब्याऐंशी हजारांच्या गाडीचे दांडे कोणी उघडत नाही. तरी मी शेजारच्या टपरीतून चिमाजीला बोलावलं. म्हटलं, "मीटर खरं वाटतं का रे?" तो आत डोकावला, भारतने दहा पावलं गाडी चालवून दाखवली. "चालतंय चांगलं," चिमाजी म्हणाला, आणि टपरीत गेला.

भारत माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, घेऊ ना?"

मी म्हणालो, "घे."

दसऱ्याला गाडी दारात आली. कलाबाईने नारळ फोडला, बोनेटवर झेंडूचा हार घातला. मार्चमध्ये, पेठहून रिकामी गाडी घेऊन परत येताना, घाटाच्या उतारावर पुढच्या डाव्या चाकाचा दांडा तुटला. भारत सव्वीस वर्षांचा होता.

तुटलेला दांडा मी नंतर हातात घेऊन बघितला. तुटीचं अर्धं तोंड काळं पडलेलं होतं, म्हणजे तडा फार जुना होता. एवढ्या कमी चाललेल्या गाडीला असा तडा जात नाही, हे तीस वर्षं पाने फिरवलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण मला त्यात फक्त माझी चूक दिसली. चाक उघडलं असतं तर तडा दिसला असता. तेराव्याला सगळ्यांसमोर कलाबाई मला म्हणाली, "तुम्ही बघून दिली ना गाडी? तुम्हीच 'घे' म्हणाले ना त्याला? मग ह्या घरचं पाणी तुम्हाला नाय." चिमाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

त्यानंतर आठवडाभराने तो माझ्या गॅरेजच्या मागे आला. तिथे जीपचा सांगाडा आणून टाकला होता. त्याने डॅशबोर्डमधून मीटर काढलं, रुमालात गुंडाळलं आणि म्हणाला, "एवढं माझ्याकडं राहू दे." पोराची आठवण म्हणून नेत असेल, असं मला वाटलं, आणि मी तिथेच टायरवर बसून रडलो. चिमाजीने टपरी बंद केली. लोकांना सांगितलं, डोळे गेले. पुढची अकरा वर्षं आम्ही भेटलो ते रस्त्यात, देवळासमोर, रेशनच्या रांगेत. तो थांबायचा, "बरं हाय का?" विचारायचा. घरी ये, असं मात्र एकदाही म्हणाला नाही.

यंदा फेब्रुवारीत गंगापूर रोडच्या अमितने त्याची जुनी मोटार माझ्याकडे आणली. चौसष्ट सालची, गोल पाठीची, गिअरची दांडी स्टिअरिंगला. रंग पांढरा म्हणून त्यांच्या घरात तिला बगळी म्हणतात. नव्व्याण्णव साली त्याच्या वडिलांनी ती एका एजंटकडून घेतली होती. नाशिकमध्ये सेकंडहँड विकली जाणारी प्रत्येक गाडी एखाद्या म्हाताऱ्या डॉक्टरने रविवारी तेवढी चालवलेली असते. ही पण तशीच, एकतीस हजार चाललेली. आता तिचं पासिंग करायचं होतं, हातात दहा दिवस होते, आणि मीटरचा काटा आधी थरथरत होता तो पार आडवा झाला होता.

मी केबल सोडवली. केबल धड होती. गाडी ढकलली तर केबल फिरेना. म्हणजे दुखणं खाली, गिअरबॉक्समध्ये. तिथे अंगठ्याएवढं एक दातेरी चाक असतं, पिनियन. ते केबलला फिरवतं आणि केबल मीटरला. ते बाहेर काढलं तर त्याचे तीन दाते झडलेले आणि बाकीचे झिजून गुळगुळीत. त्याच्या मागचं सीलही कामातून गेलेलं, त्यामुळे गिअरचं तेल केबलच्या आतून चढत चढत मीटरपर्यंत पोचलं होतं आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरली होती. नवं पिनियन मुंबईत नाही, पुण्यात नाही. दुसऱ्या गाडीचं बसवावं तर दात्यांची संख्या जुळत नाही, आणि एक दाता कमीजास्त झाला तरी मीटर खोटं बोलतं. तीन दिवस फोन करून मी हात टेकले. मग पिनियन कागदात गुंडाळलं आणि चिमाजीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

कलाबाई सूप घेऊन आत गेली. चिमाजी बाहेर आला. मी कागद उघडून त्याच्या तळहातावर पिनियन ठेवलं. त्याने ते अंगठ्याने फिरवलं, एकदा, दोनदा. अकरा वर्षं मेलेल्या माणसासारखा दिसणारा तो चेहरा जरा हलला.

"पंधरा दाते," तो म्हणाला. "तिरके. नायलॉनचं करावं लागेल. अंबडला लेथवाल्याकडून गोळा कातून आण, मापं देतो. दाते मी घासतो."

"डोळे?"

"तेवढे हायेत."

तो मला आत घेऊन गेला. मी उंबरा ओलांडला. खोली तशीच होती. कोपऱ्यात शिलाई मशीन होतं, त्यावर जुनं लुगडं टाकून दोरीने बांधलेलं. भिंतीवर भारतचा फोटो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो मी आत शिरल्यावर थांबला. मी मापं लिहून घेतली आणि पाणी न मागता निघालो. दाराशी चिमाजीने माझा दंड धरला.

"मीटर तू उघडू नको. तेल गेलंय ना आत? मी धुवून देतो. आणून दे मला, जसं हाय तसं."

मी हो म्हटलं.

पुढचे चार दिवस तो दारात उजेडाला बसून कानस चालवत होता. कोरीव लेण्यातला कारागीर असता तर लोक तिकीट काढून बघायला आले असते. प्रत्येक दाता घासायचा, जुन्या पिनियनच्या शाबूत दात्यावर ठेवायचा, भिंगातून बघायचा, परत दोन हात मारायचा. मी येता-जाता थांबायचो. बोलणं दात्यांवरच व्हायचं, पण बोलणं व्हायचं, आणि मला त्याचा आनंद होता. खोटं कशाला सांगू, गाडीपेक्षा मला त्या दाराची ओढ लागली होती.

पाचव्या दिवशी अमितचा फोन आला, पासिंगची तारीख अलीकडे आली. चिमाजीचा एक दाता राहिला होता. मी म्हटलं, तेवढ्यात मीटर धुवून ठेवतो, त्याचा अर्धा दिवस वाचेल. त्याने सांगितलेलं माझ्या लक्षात होतं. पण मला धीर धरणं कधी जमलं नाही, आणि पेट्रोलमध्ये चार भाग बुचकळायला मीटरवाला कशाला हवा? कडं सैल केलं, काच काढली, यंत्र बाहेर घेतलं आणि रिकामा डबा पेट्रोलने पुसला.

तेल गेलं तशी डब्याच्या तळाला सुईने कोरलेली अक्षरं दिसली. ९१३४६. खाली 'चि.' आणि त्याखाली मे ९९.

अक्षर चिमाजीचं होतं. नऊचा आकडा तो शेपूट वर वळवून काढतो, सगळ्या दुनियेत एकटाच. मी डबा उजेडात धरून बघत राहिलो. मे नव्व्याण्णवमध्ये गाडी एक्याण्णव हजार चाललेली होती, आणि त्याच साली अमितच्या वडिलांनी ती एकतीस हजारांची म्हणून घेतली. मला आधी हसू आलं. छातीठोकपणे सांगत फिरणारा मी, आणि हा! चांगलं झापायचं म्हणून डबा फडक्यात गुंडाळून तसाच त्याच्या घरी गेलो.

दुपारचे बारा वाजले होते. तो शेवटचा दाता घासत होता. मी डबा समोर ठेवला. तो बघताच त्याने कानस खाली ठेवली.

"उघडू नको म्हणलं होतं ना तुला."

"चिमाजी, किती मीटरं फिरवलीस अशी?"

"मोजली नाय."

"आणि मग हे आत लिहून कशाला ठेवायचास? कोण वाचणार?"

त्याने मांडीवरचा नायलॉनचा भुगा झटकला. मग म्हणाला, "खोटा आकडा बसवताना हात थरथरायचा. खरा आधी कुठंतरी लिहून टाकला की थरथरायचा नाय. प्रत्येक मीटरमध्ये लिहिलाय. एक पण सोडलं नाय."

हे तो अशा आवाजात म्हणाला की जणू ते त्याच्या पुण्याच्या बाजूला धरलं जावं. मला परत हसू येणार होतं. आणि तेवढ्यात मला काळं पडलेलं दांड्याचं तोंड आठवलं. पिशवीतून येणारी सुटी मीटरं आठवली. रुमाल आठवला.

"भारतच्या जीपचं मीटर कुठंय?"

मी ओरडलो असेन, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला. तो उठला, मशीनखालची पत्र्याची पेटी ओढली आणि रुमालातलं मीटर माझ्या हातात दिलं. मी खिशातला पेचकस काढला. कडं सैलच होतं. डब्याच्या तळाला २८६४१० कोरलेलं होतं. चि. जून १२.

दोन लाख शहाऐंशी हजार. त्या आकड्याला मी चारही चाकं उघडली असती. त्या आकड्याला मी ती जीप फाटकाबाहेर काढली असती.

"तुला माहीत होतं?"

"आईच्यान, नव्हतं. सुटं आलं होतं, पिशवीत. गाडी मी कधी बघितली नव्हती."

"मी विचारलं होतं तुला. उभा करून विचारलं होतं, मीटर खरं का."

"उघडलं असतं तर तुझ्यासमोर उघडावं लागलं असतं," तो म्हणाला. "आत माझाच हात निघाला असता तर? म्हणलं, चालतंय ना, चालू दे."

"आणि नंतरची अकरा वर्षं?"

"सांगणार होतो."

"केव्हा?"

"रोज."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पासष्टीचा माणूस आहे, मित्र आहे, पोर गमावलेला आहे, हे सगळं दिसत असूनही वाटली. अकरा वर्षं मी झोपेत ते चाक उघडत होतो. माझ्या पोरीच्या लग्नात मी कन्यादानाला बसलो तेव्हासुद्धा भारतचं 'घेऊ ना?' कानात होतं. आणि हा, पाच मिनिटांवर, पेटीत उत्तर ठेवून बसला होता.

"वहिनींना सांग," मी म्हणालो. "आत्ता. नाहीतर मी सांगतो."

"मला कोणी सांगायला नको."

कलाबाई मधल्या दारात उभी होती. पिठाचे हात तसेच. माझ्याकडे तिने बघितलं नाही, मीटरकडे बघितलं.

"तेराव्याला तुम्हाला बोलले तेव्हा ठाऊक नव्हतं. महिन्यानं पेटी आवरताना सापडलं. ह्यांची आत लिहायची खोड मला ठाऊक, आणि कडं काढायला मला पण येतं. वाचलं मी."

चिमाजी तिच्याकडे बघतच राहिला. जिच्यापासून त्याने सगळं लपवलं होतं, तिला ते पहिल्या महिन्यापासूनच ठाऊक होतं.

"कला, तू बोलली नाय."

"काय बोलणार? जूनमध्ये सात मीटरं आली होती पिशवीत. फिरवल्यावर चालतात का ते कोणाच्या पायावर बघितलं तुम्ही? सातही मी चालवली. लेकाचं मीटर मीच साठवर नेलं, ह्या मशीनवर." तिने लुगड्याने बांधलेल्या मशीनकडे बोट केलं. मग पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. "ह्यांच्यावर राग धरला असता तर ह्यांच्या ताटात भाकरी कशी वाढली असती, हिरामणभाऊ? आणि स्वतःवर धरला असता तर सकाळी उठले कशी असते? तुमच्यावर राग होताच. तो तसाच राहू दिला. तुम्ही बाहेरचे. तुमची बायको, पोरी, भरलेलं घर. म्हणलं, ह्या माणसाला सोसंल."

ती आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. भांडं भरून माझ्यासमोर फरशीवर ठेवलं. अकरा वर्षांनी त्या घरचं पाणी माझ्यापुढे आलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. हात पुढे करायचा प्रयत्न केला, पण तो गेला नाही. मी बगळीचा डबा उचलला, पिनियन उचललं आणि उठून आलो.

शेवटचा दाता मीच घासला. पिनियन बसवलं, सील बदललं, केबल धुतली, मीटर जोडलं. त्र्यंबक रस्त्याला गाडी काढून किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत साठवर चालवून बघितली. बरोबर एक मिनिट लागलं. काटा साठवरून जरासुद्धा हलला नाही. असं काम आता नाशिकमध्ये कोणी करणार नाही, हे मला त्याला सांगायचं होतं, आणि मी सांगायला गेलो नाही. बगळी पास झाली. अमित पेढे देऊन गेला.

आता सकाळी कलाबाई मला बघून आत जात नाही. दारात बसून राहते, शेजारी तांब्या झाकून ठेवलेला असतो. चिमाजी आत असतो की नाही, ते दिसत नाही. गेला महिनाभर मी मागच्या गल्लीने जातो. राग मलाही आहे, पण तिच्यासारखा तो ठेवायला मला कोणी बाहेरचं सापडत नाही. तिच्यावर धरावा तर तिचे मशीनवरचे पाय दिसतात, त्याच्यावर धरावा तर भिंतीला टेकलेली मान दिसते. मग फिरून माझ्यापाशीच येतो. रात्री डोळा लागला की हार घातलेली जीप नसते अजून, दसरा यायचा असतो, भारत बोनेटवर हात ठेवून उभा असतो आणि विचारतो, "काका, घेऊ ना?" आकडा आता मला पाठ आहे, दोन लाख शहाऐंशी हजार चारशे दहा. तरीही मी म्हणतो, "घे."